दोन बैलांच्या मोलाचा माणूस

अमेरिकेच्या इतिहासातली सुरुवातीची माणसं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही मोठी नावं येतात. पांढऱ्या टोपांची, रेशमी कोटांची, तैलचित्रात बसलेली माणसं. आज मी तुम्हाला ज्याची गोष्ट सांगणार आहे तो असा तैलचित्रातला नाही. त्याचं नाव मॅथ्यू लायन. तो अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा सभासद होता. भर सभागृहात तो एका सभासदाच्या तोंडावर थुंकला. राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लिहिलं म्हणून तो तुरुंगात गेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला.

मी काही इतिहासाचा संशोधक नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दाची किंमत काय असते आणि ती कोण ठरवतं, हा प्रश्न कविता लिहिणाऱ्याला पडतोच. त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता हा लायन मला भेटला.

त्याचा जन्म आयर्लंडमधला, डब्लिनच्या जवळपासचा, १७४९ सालचा. घरची गरिबी. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो अमेरिकेच्या जहाजावर चढला, पण खिशात भाड्याचे पैसे नव्हते. अशा लोकांसाठी त्या काळी एक रीत होती. जहाजाचा कप्तान फुकट घेऊन जायचा आणि पलीकडच्या बंदरावर उतरल्यावर त्या माणसाची काही वर्षांची मेहनत विकून आपलं भाडं वसूल करायचा. विकत घेणाऱ्याकडे तेवढी वर्षं राबायचं, मग सुटका. कनेक्टिकट प्रांतातल्या एका व्यापाऱ्याने लायनची वर्षं विकत घेतली. पुढे त्या व्यापाऱ्याने उरलेला करार दुसऱ्याला दिला, आणि त्याच्या बदल्यात बैलांची एक जोडी घेतली, असं सांगतात.

दोन बैल! बाजारात ठरलेली ही त्याची किंमत. दुसरा कुणी असता तर मोठा झाल्यावर ही गोष्ट लपवून ठेवली असती. लायन मात्र आयुष्यभर त्याच बैलांची शपथ घ्यायचा, अशी त्याची आठवण सांगितली जाते. ज्या बैलांनी मला सोडवलं त्यांची आण, असं तो म्हणे. लोकांनी हिणवण्याआधीच त्याने आपली किंमत स्वतःच्या तोंडाने जाहीर करून टाकली होती.

करार फेडून तो मोकळा झाला आणि उत्तरेकडे डोंगराळ मुलखात गेला. हा मुलूख पुढे व्हरमाँट नावाने ओळखला जाऊ लागला. तिथल्या जमिनींवरून शेजारच्या न्यूयॉर्कशी भांडण चालू होतं आणि ईथन ॲलन नावाच्या धडाकेबाज माणसाने डोंगरातली पोरं जमवून एक फौजच उभी केली होती. लायन त्यांच्यात सामील झाला. इंग्लंडविरुद्धच्या लढाईतही तो गेला. पण १७७६ साली एका दूरच्या चौकीवर असताना त्याच्या तुकडीतल्या शिपायांनी चौकी सोडली. लायनचं म्हणणं, मी त्यांना अडवलं, ते ऐकेनात. लष्करी कोर्टाने त्याला इतर अधिकाऱ्यांबरोबर बडतर्फ केलं. पुढे त्याला पुन्हा सैन्यात घेतलं, पगार वाटण्याचं जबाबदारीचं काम दिलं. पण बदनामी व्हायची ती झालीच. भेकडपणाबद्दल त्याला लाकडी तलवार बाळगायची शिक्षा झाली होती, अशी कुचेष्टा त्याच्या विरोधकांनी पसरवली. ही लाकडी तलवार लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

लढाई संपल्यावर लायनने फेअर हेवन नावाचं गाव वसवलं. तिथे लाकूड कापायची गिरणी काढली, धान्य दळायची गिरणी काढली, लोखंडाची भट्टी घातली, कागदाचा कारखाना सुरू केला. चिंध्यांची टंचाई होती, तर झाडाच्या सालीपासून कागद काढून पाहिला. मग छापखाना आणला आणि १७९३ मध्ये वर्तमानपत्र काढलं. त्याची दुसरी बायको व्हरमाँटच्या गव्हर्नरची मुलगी होती. व्हरमाँटच्या विधिमंडळात तो अनेक वर्षं निवडून येत राहिला. तिथेही तो सरळ वागला असं नाही. जप्त मालमत्तांचा निकाल लावणाऱ्या कोर्टाचं दप्तर त्याच्या ताब्यात होतं. ते द्यायला त्याने नकार दिला आणि १७८५ साली त्याच्यावर महाभियोग चालला. राष्ट्रीय काँग्रेसच्या निवडणुकीत तो आधी हरला, पुन्हा उभा राहिला आणि अखेर १७९७ साली निवडून येऊन फिलाडेल्फियाला पोचला. राजधानी तेव्हा तिथे होती.

त्या वेळी देशात दोन पक्ष पडले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचा फेडरलिस्ट पक्ष आणि उपाध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मागे उभे राहिलेले रिपब्लिकन. आजच्या अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाशी या नावाची गल्लत करू नका, तो पक्ष फार नंतरचा. लायन जेफरसनच्या बाजूचा. अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांचं भाषण व्हायचं आणि त्याचं उत्तर घेऊन सगळे सभासद मिरवणुकीने राष्ट्राध्यक्षांच्या घरी जायचे. राजाच्या दरबारी रिवाजाची ती नक्कल होती. लायनने विनंती केली की मला यातून वगळा. सभागृहात हशा पिकला. हा आयरिश मजूर नाही आला तर बरंच, अशी थट्टा झाली. त्याच्या जन्माचा, उच्चाराचा, बैलांचा उद्धार वर्तमानपत्रांतून होऊ लागला. पुढे १८०१ मध्ये जेफरसन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी भाषण लेखी पाठवायला सुरुवात केली आणि ती मिरवणूक बंद पडली.

आता थुंकण्याचा प्रसंग. तारीख ३० जानेवारी १७९८. सभागृहात मतमोजणी चालली होती, सभासद इकडेतिकडे गप्पा मारत होते. लायन सभापतींजवळ उभा राहून मोठ्याने सांगत होता की कनेक्टिकटचे प्रतिनिधी आपल्याच मतदारांच्या मनाविरुद्ध वागतात. मी तिथे जाऊन सहा महिने छापखाना चालवला तर लोक यांना घरी बसवतील. कनेक्टिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, कनेक्टिकटला याल तेव्हा ती लाकडी तलवार घेऊन लढणार का? लायनने आधी लक्ष दिलं नाही. ग्रिसवोल्ड जवळ आले, पुन्हा तेच बोलले. लायन वळला आणि त्यांच्या तोंडावर थुंकला.

त्याला हाकलावं का, यावर सभागृहाने जवळजवळ दोन आठवडे चर्चा केली. हाकलण्याच्या बाजूने ५२ मतं पडली, विरुद्ध ४४. पण हाकलायला दोनतृतीयांश मतं लागत, ती मिळाली नाहीत. मग तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, ग्रिसवोल्ड जाडजूड काठी घेऊन आले आणि बाकावर बसलेल्या लायनला बडवायला लागले. लायन धडपडत शेकोटीपर्यंत गेला आणि त्याने निखारे उचलायचा चिमटा हातात घेतला. देशाचे दोन कायदे करणारे, एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात चिमटा! त्याचं व्यंगचित्र तेव्हा छापलं गेलं आणि आजही इतिहासाच्या पुस्तकांत ते दिसतं.

हे सगळं मी मुद्दाम सांगितलं. लायन हा काही सभ्य, सोज्ज्वळ माणूस नव्हता. त्याच्याशी माझं जमलं असतं असं मला वाटत नाही. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

फ्रान्सशी तेव्हा अमेरिकेचं बिनसलं होतं. समुद्रावर चकमकी होऊ लागल्या होत्या. देशात युद्धाचं वारं होतं आणि अशा वाऱ्यात सरकारवरची टीका फितुरीसारखी वाटू लागते. १४ जुलै १७९८ रोजी ॲडम्स यांनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात तो ४४ विरुद्ध ४१ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला होता. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषबुद्धीने लिहिणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. गंमत पाहा, या यादीत उपाध्यक्ष नव्हते. कारण उपाध्यक्ष जेफरसन होते, विरोधी बाजूचे! त्यांना हव्या तेवढ्या शिव्या द्यायला मोकळीक होती. आणि कायद्याची मुदत कधी संपणार? ३ मार्च १८०१ला, म्हणजे नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार त्याच्या आदल्या दिवशी.

राजद्रोह म्हटलं की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात. तिथे राज्य परक्यांचं होतं. इथे मात्र स्वतः बंड करून राजाला घालवलेली माणसं आपल्याच लोकांची जबान बांधत होती.

या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती मॅथ्यू लायनला. ऑक्टोबर १७९८ मध्ये व्हरमाँटमधल्या रटलंड गावी खटला चालला. आरोप तीन. पहिला, त्याने एका वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्राबद्दल. त्यात त्याने म्हटलं होतं की या राष्ट्राध्यक्षाच्या कारभारात लोककल्याण मागे पडलं असून डामडौलाची, खुशामतीची आणि पैशाची हाव वाढली आहे. हे पत्र त्याने २० जूनला लिहिलं होतं, म्हणजे कायदा होण्याच्या आधी. छापून आलं ते ३१ जुलैला, कायदा झाल्यानंतर. बाकीचे दोन आरोप दुसऱ्याच माणसाच्या पत्राबद्दल होते. जोएल बार्लो नावाचा अमेरिकन कवी तेव्हा पॅरिसला राहत होता. त्याने एका मित्राला खाजगी पत्रात लिहिलं होतं की काँग्रेसने ॲडम्सना वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला हवं होतं. ते पत्र लायनने प्रचारसभांत वाचून दाखवलं, आणि ते छापलंही गेलं.

कवी म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. या बार्लोने मोठमोठी महाकाव्यं रचली. आज ती क्वचितच कुणी वाचतं. त्यातल्या त्यात लोकांना आठवते ती मक्याच्या लापशीवरची त्याची विनोदी कविता. पण त्याच्या महाकाव्यांनी जे केलं नाही ते एका खाजगी पत्रातल्या एका वाक्याने केलं. ते वाक्य देशाच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभं राहिलं. शब्द कुठे जाऊन पेटतील हे लिहिणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?

न्यायाधीश होते सर्वोच्च न्यायालयाचे विल्यम पॅटरसन. तेही मूळचे आयर्लंडमध्ये जन्मलेले. लायनला वेळेवर वकील मिळाला नाही, तेव्हा तो स्वतःच उभा राहिला. त्याने सांगितलं की हा कायदाच संविधानाच्या विरुद्ध आहे. न्यायाधीशांनी ज्युरीला बजावलं की कायदा योग्य की अयोग्य हा प्रश्न तुमच्यापुढे नाही.

आता या कायद्यातली एक मेख सांगतो. कायद्याने आरोपीला एक सवलत दिली होती. लिहिलेलं खरं आहे असं सिद्ध केलंत तर तुम्ही सुटाल. ऐकायला किती न्याय्य वाटतं! इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ही सवलत नव्हती. पण एखाद्या माणसाला डामडौलाची हाव आहे, हे कोर्टात सिद्ध कसं करायचं? चोरी सिद्ध करता येते, लाच सिद्ध करता येते. मत कसं सिद्ध करणार? लायनने एक युक्ती केली. त्याने भर कोर्टात न्यायाधीशांनाच विचारलं, तुम्ही राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला गेलेले आहात ना? तिथला थाटमाट पाहिलात ना? न्यायाधीश म्हणाले, क्वचित जेवलो आहे, आणि मला तिथे साधेपणाच दिसला. झालं! एकाच जेवणाच्या टेबलावर एकाला साधेपणा दिसतो आणि दुसऱ्याला डौल दिसतो. यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे तुरुंगाच्या धाकाने ठरवायचं होतं. माझ्या मते या सगळ्या खटल्याचा गाभा त्या एका प्रश्नोत्तरात आहे. मताला पुरावा मागितला की प्रत्येक मत गुन्हा ठरू शकतं.

ज्युरी तासाभरात परतली. दोषी. तुम्ही स्वतः कायदे करणारे, तुम्हाला तर याची जास्त जाणीव हवी होती, असं सुनावून न्यायाधीशांनी शिक्षा दिली. चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड, आणि वर खटल्याचा खर्च.

रटलंड हा लायनचा स्वतःचा भाग होता. तिथे न ठेवता मार्शलने त्याला चाळीसएक मैल उत्तरेला व्हर्जेन्सच्या तुरुंगात नेलं. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद खोली. चोर आणि खोटी नाणी पाडणारे जिथे ठेवत तीच. खिडकीला काच नाही, खोलीत शेकोटी नाही आणि व्हरमाँटचा हिवाळा तोंडावर आलेला. चिडलेले लोक तुरुंग फोडायला निघाले होते. लायननेच त्यांना अडवलं. थुंकणारा, चिमटा उगारणारा हाच माणूस बरं का! त्याने सांगितलं की तुरुंग फोडू नका, मतपेटीकडे जा.

कारण निवडणूक जवळ आली होती. सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नव्हती, म्हणून डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक होती. लायनने कोठडीतून पत्रं लिहिली. त्याच्या मुलाच्या नावावर निघणारं नियतकालिक त्याची बाजू मांडत होतं. निकाल लागला तेव्हा त्याला जवळच्या प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ दुप्पट मतं पडली होती. कोर्टात मोजक्या ज्युरींनी त्याला गुन्हेगार म्हटलं होतं. हजारो शेतकऱ्यांनी आपलं मत वेगळं असल्याचं नोंदवलं. मत हा शब्द मराठीत किती चांगला आहे पाहा. मनातला विचार तोही मत, आणि पेटीत टाकायची चिठ्ठी तीही मत. पहिल्याबद्दल झालेल्या शिक्षेला लोकांनी दुसऱ्याने उत्तर दिलं.

मधल्या काळात कित्येक हजार लोकांच्या सह्यांचा दयेचा अर्ज घेऊन एक पाद्री राष्ट्राध्यक्षांकडे गेले. ॲडम्सनी विचारलं, लायनने स्वतः माफी मागितली आहे का? नाही. मग ॲडम्सनी अर्ज फेटाळला. माफी मागितली असती तर तो सुटला असता. तेवढं एक वाक्य त्याने लिहिलं नाही.

दंडाचे पैसे मात्र लोकांनी जमवले. व्हर्जिनियाचे सिनेटर स्टीव्हन्स मेसन पैसे घेऊन आले. अँथनी हॅसवेल नावाच्या एका संपादकाने या दंडासाठी काढलेल्या सोडतीची जाहिरात आपल्या पत्रात छापली, तर त्यालाही याच कायद्याखाली दोन महिन्यांची कैद झाली. ९ फेब्रुवारी १७९९ला लायन सुटला. पुन्हा पकडतील ही भीती होती, म्हणून दारातून बाहेर पडताच त्याने जाहीर केलं की मी काँग्रेसला निघालो आहे. अधिवेशनाला जाणाऱ्या सभासदाला अटक करता येत नसे. वाटेत गावोगाव लोक त्याला पाहायला जमले. फिलाडेल्फियाला पोचल्यावर त्याला हाकलायचा ठराव पुन्हा आला. ४९ विरुद्ध ४५. पुन्हा दोनतृतीयांश झाले नाहीत.

आणखी एक योगायोग इतिहासाने जुळवून आणला. १८००च्या निवडणुकीत जेफरसन आणि ॲरन बर यांना सारखीच, प्रत्येकी ७३ मतं पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, सोळापैकी नऊ राज्यं हवी होती. जेफरसनकडे आठ. व्हरमाँटचे प्रतिनिधी दोनच होते, एक लायन, दुसरा फेडरलिस्ट पक्षाचा. त्यामुळे ते राज्य फुटलेलं. पस्तीस फेऱ्या झाल्या, निकाल लागेना. १७ फेब्रुवारी १८०१ रोजी छत्तिसाव्या फेरीला दुसरा प्रतिनिधी बाजूला राहिला आणि व्हरमाँटचं मत एकट्या लायनने जेफरसनला दिलं. लायनने एकट्याने जेफरसनला राष्ट्राध्यक्ष केलं असं कुणी सांगतात, ते पूर्ण खरं नाही. त्याच फेरीत मेरीलँडही जेफरसनकडे आलं. माघार फेडरलिस्टांनी मिळून घेतली होती. पण ज्याला गप्प करायला कायदा वापरला, तोच माणूस सत्तांतराच्या दिवशी आपल्या राज्याचं मत द्यायला हजर होता, एवढं खरं. जेफरसननी त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना माफी दिली. कायद्याची मुदतही संपली.

पुढे लायन केंटकीला गेला. तिथेही त्याने गाव वसवलं, जहाजं बांधली, आणि १८०३ ते १८११ तो केंटकीतर्फे काँग्रेसमध्ये होता. इंग्लंडशी युद्ध नको म्हणून तो स्वतःच्या पक्षाशीही भांडला आणि हरला. धंदा बुडाला. म्हातारपणी, १८२० मध्ये, अर्कान्सासच्या जंगलात चेरोकी लोकांसाठी असलेल्या सरकारी व्यापारी ठाण्यावर त्याला नेमणूक मिळाली. तिथेच १ ऑगस्ट १८२२ला तो वारला. दंड परत मिळावा म्हणून त्याने काँग्रेसकडे अर्ज केला होता, पण त्याच्या हयातीत ते झालं नाही. अखेर ४ जुलै १८४० रोजी कायदा करून त्याच्या वारसांना १,०६० डॉलर आणि ९६ सेंट व्याजासह परत देण्यात आले.

तो राजद्रोहाचा कायदा सर्वोच्च न्यायालयात कधी तपासलाच गेला नाही. १९६४ साली एका वर्तमानपत्राच्या गाजलेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की इतिहासाच्या न्यायालयात तो कायदा अवैध ठरलेला आहे. आणि त्याला आधार म्हणून परत केलेल्या दंडांचा दाखला दिला.

मित्रहो, आपल्याला वाटतं की बोलण्याचं स्वातंत्र्य थोर, संयमी, गोड बोलणाऱ्या माणसांनी मिळवून दिलं असेल. पण गोड बोलणाऱ्याला कुणी तुरुंगात कशाला टाकेल? खटला होतो तो तिखट बोलणाऱ्यावर. त्याची भाषा अनेकदा ओबडधोबड असते, त्याचा भूतकाळ डागाळलेला असतो, त्याच्या वागण्याची आपल्याला लाज वाटते. अशा वेळी आपण आधी माणूस तपासतो आणि मग त्याच्या हक्काचं काय ते ठरवतो. व्हरमाँटच्या शेतकऱ्यांनी तसं केलं नाही. लायन कसा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी त्याला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तरीही कडाक्याच्या थंडीत घराबाहेर पडून त्यांनी त्याच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकली. बाजाराने त्याची किंमत दोन बैल ठरवली होती, कोर्टाने एक हजार डॉलर. लोकांनी जी ठरवली, ती मात्र कुणाला परत करावी लागली नाही.